दुसरीकडे म्हणजे नेमकं कुठे?

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमांगम नावाचा खाडीचा पट्टा आहे. दोन नद्या तिथं समुद्राला मिळतात. पूर्वी ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडायचा. 2006 च्या एप्रिलमध्ये या पट्ट्याच्या तोंडावरची 33 किलोमीटर लांबीची समुद्रभिंत सांधली गेली आणि सुमारे 400 चौरस किलोमीटर क्षेत्रातली मोकळी भरती-ओहोटी संपली. विरोध करणाऱ्यांना तेव्हा एक साधं उत्तर मिळालं होतं: पक्ष्यांना पंख आहेत, ते शेजारच्या खाड्यांमध्ये जातील. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडोनेशियातल्या बोगोर शहरात काही सरकारं, आंतरराष्ट्रीय संस्था आणि पक्षी संघटना एकत्र आल्या आणि ‘पूर्व आशिया-ऑस्ट्रेलेशिया उड्डाणमार्ग भागीदारी’ स्थापन झाली. तिचं सचिवालय 2009 पासून कोरियातच, इंचनच्या सोंगडो भागात आहे. हे चकचकीत नवं शहरसुद्धा चिखलपट्ट्यावर भराव टाकूनच उभं राहिलं आहे. पक्ष्यांच्या रक्षणाचं कार्यालय त्यांच्याच बुजवलेल्या चराऊ जागेवर, अशी थट्टा करता येते. पण जिथं दुखणं आहे तिथंच दवाखाना काढला, असंही म्हणता येईल.

‘दुसरीकडे जातील’ हे वाक्य कोरियापुरतं नाही. खाडीत भराव घालताना, तलावाचं पाणी तोडताना, बंदर किंवा विमानतळ आखताना ते सगळीकडे ऐकू येतं. एका गावापुरतं, एका देशापुरतं पाहिलं तर ते खोडताही येत नाही. पक्षी इथून उठले, एवढंच दिसतं. ते कुठे उतरले, की उतरलेच नाहीत, हे कळायला मार्गावरच्या सगळ्या मुक्कामांवर एकाच काळात, एकाच पद्धतीनं मोजावं लागतं. देशादेशांच्या भागीदारीची खरी गरज इथं आहे. घोषणापत्रं, बोधचिन्हं आणि परिषदांमधली सामूहिक छायाचित्रं नंतरची.

सेमांगममध्ये असं मोजणं झालं. कोरियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्षी अभ्यासकांनी 2006 ते 2008 अशी सलग तीन वर्षं वसंतातल्या परतीच्या हंगामात सेमांगम आणि शेजारच्या खाड्या मोजल्या. भिंतीआत उतरणारे पक्षी झपाट्यानं घटले. ‘ग्रेट नॉट’ या चिखलपक्ष्याला सर्वांत मोठा फटका बसला. शेजारच्या खाड्यांमध्ये त्याची संख्या तितक्या प्रमाणात वाढली नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी मुक्कामांवरही तो कमी भरू लागला. या पक्ष्याच्या जगातल्या एकूण संख्येचा अंदाज जवळपास 90 हजारांनी खाली आणावा लागला. ‘दुसरीकडे’ नावाची जागा नकाशावर नव्हतीच, किंवा होती ती आधीच भरलेली होती.

असं का होतं, ते समजायला या पक्ष्यांचा प्रवास पाहावा लागतो. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्कात अंडी घालतो आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात आपला हिवाळा काढतो. 2022 च्या ऑक्टोबरात अंगावर प्रक्षेपक लावलेलं त्याचं एक पिल्लू अलास्कातून निघालं आणि वाटेत कुठेही न उतरता सुमारे 13,560 किलोमीटर उडून टास्मानियात पोचलं. वय जेमतेम पाच महिने, प्रवास 11 दिवसांचा. वाटेत खाणं नाही, पाणी नाही. निघण्याआधी हा पक्षी चरबी साठवून वजन दुपटीच्या आसपास नेतो. पोट, आतडी, यकृत हे अवयव आक्रसतात, कारण उडताना ते निव्वळ ओझं असतात. परतीच्या वाटेवर मात्र तो पीत समुद्रात थांबतो. चीन आणि दोन्ही कोरियांच्या मधला हा उथळ समुद्र. इथल्या चिखलातले शिंपले आणि किडे खाऊन त्याला पुढच्या उड्डाणाची शिदोरी बांधायची असते. थांबण्याचे दिवस मोजके. उशीर झाला तर अलास्कातला छोटासा उन्हाळा हुकतो, कमी खाल्लं तर अंडी कमी. त्यामुळे इथला एक चिखलपट्टा बुजला तर नुकसान हजारो किलोमीटरवर, दुसऱ्या देशाच्या हद्दीत दिसतं आणि तिथल्या सरकारला त्याचं कारण आपल्या हद्दीत सापडत नाही.

पीत समुद्राभोवतीचे चिखलपट्टे पन्नासेक वर्षांत निम्म्याहून अधिक घटले. उपग्रह छायाचित्रं आणि जुने नकाशे जुळवून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2014 मध्ये हा ताळेबंद मांडला. 2017 मध्ये आणखी एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलियात येणाऱ्या ज्या जाती पीत समुद्रावर जास्त अवलंबून, त्या जास्त वेगानं घटताहेत, असं त्यात दिसलं. या जातींची घरटी निरनिराळ्या प्रदेशांत, हिवाळी मुक्काम निरनिराळे, समान धागा फक्त मधल्या थांब्याचा. निष्कर्ष सरळ आहे. पण तो काढायला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर हौशी माणसांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी लागल्या, हे विसरू नये. त्यांतले बहुतेक जण कोणत्याही खात्याच्या पगारावर नव्हते.

ही भागीदारी ऐच्छिक आहे. तिच्यात करार मोडल्याची शिक्षा नाही, कोणावर सक्ती नाही. सरकारांबरोबर स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यासुद्धा तिच्या सदस्य होऊ शकतात. टीकाकारांना ही रचना भुसभुशीत वाटते आणि त्यात तथ्य आहे. मला मात्र तिचा एक फायदा मोठा वाटतो. बंधनकारक करारात जी सरकारं कधी शेजारी बसली नसती, ती इथं बसली. उत्तर कोरिया 2018 मध्ये या भागीदारीत आला आणि त्याच वर्षी पाणथळींसाठीच्या रामसर करारातही. त्याच्या कितीतरी आधीपासून न्यूझीलंडमधली मिरांडा इथली एक लहानशी निसर्गप्रेमी संस्था तिथं जाऊन किनाऱ्यावरचे पक्षी मोजत होती. याच संस्थेनं 2004 मध्ये चीनमधल्या यालू नदीच्या मुखाशी असलेल्या अभयारण्याशी भगिनी-करार केला होता, कारण मिरांडाचे पाणटिवळे परतीच्या वाटेवर तिथं उतरतात. दोन खेड्यांनी सोयरीक जुळवावी तसा हा प्रकार. मोठमोठ्या परिषदांतून जे साधत नाही ते अशा सोयरिकीतून साधतं, असं अनेक ठिकाणी दिसलं आहे.

चीननं 2018 च्या सुरुवातीला समुद्रात भराव टाकून जमीन काढण्याच्या व्यापारी प्रकल्पांना आळा घातला. 2019 मध्ये यानचंगच्या किनाऱ्यावरचे चिखलपट्टे जागतिक वारसा यादीत गेले, 2021 मध्ये कोरियाचे ‘गेतबोल’, म्हणजे तिथले चिखलपट्टे, गेले, आणि जुलै 2024 मध्ये चीनच्या पट्ट्यांचा दुसरा टप्पा मंजूर झाला तो नवी दिल्लीत भरलेल्या वारसा समितीच्या बैठकीत. याचं श्रेय एकट्या भागीदारीला देणं बरोबर होणार नाही. चीनच्या अंतर्गत धोरणातला बदल, जमिनीच्या बाजारातली मंदी, संशोधकांचा सततचा रेटा, सगळंच त्यात आहे. पण मोजणीचे आकडे हाताशी नसते तर नेमके कोणते पट्टे वाचवायचे हे ठरवता आलं नसतं.

त्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. यानचंगच्या तियाओझिनी भागात ओहोटीला चरायला चिखल भरपूर आहे. अडचण भरतीची होती. पाणी चढलं की चिखल बुडतो, आणि पाय टेकायला जी उंचवट्याची कोरडी-ओली जागा लागते ती बांधापलीकडे, मत्स्यतळ्यांत गेलेली. पक्षी तासन्‌तास हवेत घिरट्या घालत आणि कमावलेली चरबी तिथंच जाळत. 2020 मध्ये स्थानिक प्रशासनानं 720 मू, म्हणजे सुमारे 48 हेक्टर मत्स्यतळं मोकळं केलं, पाण्याची पातळी बेतली, गवत काढलं आणि पक्ष्यांना भरतीतला विसावा करून दिला. हजारो पक्षी तिथं उतरू लागले. त्यांत चमच्यासारख्या चोचीची ती चिमुकली तुतारीही आहे, जिची जगभरची संख्या आता शेकड्यांत मोजतात. 48 हेक्टर म्हणजे फार नव्हे. पण ते योग्य जागी आणि योग्य वेळी उपलब्ध होते.

इतर खंडांतले अनुभव थोडक्यात. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी वाडन समुद्रासाठी 1978 पासून एकत्र बसायला सुरुवात केली, 1982 मध्ये संयुक्त जाहीरनामा काढला. तिन्ही देश श्रीमंत, शेजारी आणि कायदेपालनाची सवय असलेले, म्हणून गोष्ट सोपी होती. पुढे त्यांच्या लक्षात आलं की त्यांचे पक्षी हिवाळ्यात मॉरिटानियाच्या बाँक दार्ग्वँला जातात. मग पश्चिम आफ्रिकेतल्या मोजणीला आणि प्रशिक्षणालाही हातभार लावणं आलं. आफ्रिका-युरेशिया पाणपक्षी करार 1995 चा, 1999 पासून अमलात आलेला, आणि कायद्यानं बंधनकारक. पाणथळींवर शिशाचे छरे वापरण्यावर बंदी घालण्याचा आग्रह त्यानं धरला. तळाशी बसलेले छरे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात.

उत्तर अमेरिकेत तर बंदूकधाऱ्यांच्याच पैशानं पाणथळी वाचल्या. 1934 पासून शिकाऱ्यांना ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो आणि त्याची रक्कम पाणथळ जमिनी घेण्यासाठी जाते. 1986 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं पाणबदकांसाठी संयुक्त आराखडा केला, 1994 मध्ये मेक्सिको त्यात आला. 2019 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. 1970 पासून जवळपास 290 कोटी पक्षी घटले, असा त्याचा सुन्न करणारा निष्कर्ष होता. त्याच आढाव्यात बदकं आणि हंस मात्र 56 टक्क्यांनी वाढलेले दिसले. चिखलपक्षी 37 टक्क्यांनी घटलेले. पाणथळी त्याच, खंड तोच. फरक हा की बदकांमागे पैसा, कायदा आणि हितसंबंध असलेला एक वर्ग उभा होता, चिखलपक्ष्यांमागे तसा कोणी नव्हता. शिकारीचं हे गणित आपल्याकडे चालणार नाही आणि चालूही नये. पण पक्षी टिकले तर आपलंही काही टिकेल असं वाटणारी माणसं प्रत्येक टप्प्यावर लागतात, एवढं त्यातून घेता येतं.

आता आपला मार्ग. मध्य आशियाई उड्डाणमार्ग सैबेरियापासून मालदीवपर्यंत पसरलेला, 30 देशांचा. 182 जातींचे पाणपक्षी तो वापरतात. त्यांतले बहुतेक हिवाळ्यात भारतीय उपखंडात उतरतात, म्हणजे या मार्गाची मोठी पथारी आपल्या अंगणात आहे. आणि हाच मार्ग सहकार्यात सर्वांत मागे राहिला. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. रशिया, चीन, अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत यांना एका टेबलाशी बसवणं हे पक्षितज्ज्ञांच्या हातचं काम नाही.

सैबेरियन क्रौंचाची कहाणी याची साक्ष आहे. 1993 मध्ये त्याच्यासाठी देशादेशांत सामंजस्य करार झाला. स्थलांतरी प्राण्यांच्या जागतिक कराराखाली झालेला असा तो पहिलाच. भरतपूरला येणारा थवा तेव्हाच बोटावर मोजण्याइतका उरला होता. वाटेतल्या अफगाणिस्तानात युद्ध, पाकिस्तानात शिकार. 2002 नंतर भरतपूरला तो परतला नाही. त्याच जातीचा पूर्वेकडचा थवा चीनच्या पोयांग सरोवरावर आज हजारोंनी आहे. करार चांगलाच होता, पण तो झाला तेव्हा वाचवण्याजोगं फारसं हातात राहिलं नव्हतं.

2005 मध्ये नवी दिल्लीत या मार्गाचा कृती आराखडा ठरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंसच अधिक होते. हिमालय ओलांडून भारतात येणारा तोच हा हंस. रोगाच्या भीतीनं तरी देश एकमेकांना माहिती देतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात आराखडा बराच काळ कागदावर पडून राहिला. त्याला आफ्रिका-युरेशिया करारात सामावून घ्यावं का, यावरही मधली काही वर्षं गेली. भारताचा स्वतःचा राष्ट्रीय कृती आराखडा 2018 ते 2023 चा. फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला स्थलांतरी प्राणी कराराची परिषद भरली, तेव्हा भारतानं या मार्गाचं पुढारपण घ्यायची तयारी दाखवली. फेब्रुवारी 2024 मध्ये समरकंदच्या परिषदेत मध्य आशियाई उड्डाणमार्गासाठी स्वतंत्र उपक्रम मंजूर झाला आणि त्याचा समन्वय कक्ष भारतात ठेवायचं ठरलं. म्हणजे पीत समुद्रासाठी सोंगडो जे आहे, ते आता आपल्याकडे होणार.

आपल्याकडे मोजणीची परंपरा चांगली जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं सालिम अलींच्या पुढाकारानं 1959 च्या सुमारास पक्ष्यांच्या पायात मोठ्या प्रमाणावर कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर सोसायटीला कळवा अशा अर्थाची इंग्रजी ओळ कोरलेली असे, आणि दूर रशियातून पत्रं येत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. भीमेवरच्या उजनी जलाशयाकाठी, भिगवणजवळच्या कुंभारगाव किंवा डिकसळला या दिवसांत गेलं तर गणना कशी चालते ते दिसतं. धुकं विरायच्या आत होडीत बसायचं. थव्यातले आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढा आकार डोळ्यात बसवायचा, मग त्या आकाराचे गठ्ठे सगळ्या थव्यावर ठेवत जायचं. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी (पंढरीचे नव्हेत, पाण्यातले). एखाद्या गरुडानं झेप घेतली की सगळा थवा उठतो आणि पहिल्यापासून मोजायचं. गरुड नसेल तर ते काम होडीचं इंजिन करतं. म्हणून जाणता होडीवाला शेवटचं अंतर वल्ह्यानं कापतो. हे होडीवाले मूळचे मासेमार. चिलापीच्या जाळ्यांबरोबर हिवाळ्यात आता पर्यटकांची मिळकत आहे आणि पक्ष्यांची त्यांची माहिती कुठल्याही पुस्तकापेक्षा ताजी असते.

ओडिशात चिल्काकाठी मंगलाजोडी गावानं हाच रस्ता आधी धरला. तिथं एकेकाळी पक्षी मारून विकणारेच पुढे राखणदार आणि वाटाडे झाले. राजस्थानात खिचनचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हजारो कांड्या करकोच्यांना धान्य टाकतात. ते गाव 2025 मध्ये रामसर यादीत आलं. भारतातली रामसर स्थळं 2014 मध्ये 26 होती, आता नव्वदीच्या पुढे आहेत. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी, गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं. यादी वाढली याचा आनंद आहेच. पण कायद्याकडे पाहिलं की तो बराच ओसरतो.

केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांमध्ये पाणथळीच्या व्याख्येतून भातखाचरं वगळली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले साठे वगळले आहेत. मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी बांधलेल्या जागाही वगळल्या आहेत. दख्खनच्या पठारावर लोणारसारखा अपवाद सोडला तर नैसर्गिक सरोवर शोधून सापडत नाही. इथला पक्षी उतरतो तो उजनीवर, जायकवाडीवर, माळरानातल्या पाझर तलावावर, म्हणजे सिंचनासाठी बांधलेल्या पाण्यावरच. नांदूर मध्यमेश्वरसुद्धा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी-कादवा संगमाजवळ बांधलेला सिंचनाचा बंधारा. गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली आणि अभियंत्याच्या दृष्टीनं निकामी होत चाललेला हा साठा पक्ष्यांच्या पसंतीस उतरला. त्याला अभयारण्याचं आणि रामसरचं कवच मिळालं. उजनीला नाही. मंगोलियातल्या किंवा कझाकस्तानातल्या पक्ष्याला व्याख्येतली ही पोटकलमं कोण वाचून दाखवणार?

मुंबईच्या परिसरात हाच प्रश्न भरतीच्या रूपात येतो. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, लाखाच्या घरात असतात. 2015 मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर स्थळ. अंगावर प्रक्षेपक लावलेले रोहित इथून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाताना दिसले आहेत, म्हणजे त्यांचा संसार दोन राज्यांचा. ओहोटीला ते खाडीत चरतात, उधाणाच्या भरतीत चिखल बुडाला की नवी मुंबईतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर. नेरुळचं डीपीएस तळं असंच, सुमारे 30 एकरांचं. 2024 मध्ये भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडल्यानं ते कोरडं पडलं आणि काही रोहित मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ उतरत्या विमानाला थवा धडकून चाळीसच्या आसपास रोहित गेले. दोन घटनांचा संबंध लावण्यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. भरतीतला विसावा मोडला की पक्षी अधिक वेळ हवेत राहतात, यावर मात्र तियाओझिनीनंतर वाद घालण्याचं कारण नाही. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. तळं वाचवायला नागरिक उभे राहिले तेव्हा त्यांनाही ते उत्तर ऐकायला मिळालं होतं, पक्षी दुसरीकडे जातील. चीननं ज्या कामासाठी 48 हेक्टर नव्यानं तयार केले, ते काम करणारं 12 हेक्टरांचं तळं आपल्याकडे आयतं होतं.

मग समन्वय कक्षानं आधी काय करावं? माझ्या मते नवी यादी करू नये. 30 देशांच्या जानेवारीतल्या गणनेचे आकडे एका ठिकाणी, उघडे आणि वेळेवर मिळावेत, एवढं झालं तरी पहिली काही वर्षं सार्थकी लागतील. पाकिस्तानशी बोलणी बंद असली तरी सिंधूच्या खोऱ्यातल्या मोजणीचे आकडे तिसऱ्या देशामार्फत येऊ शकतात, आणि उत्तर कोरियाचं उदाहरण पाहता हे अशक्य म्हणता येणार नाही. दुसरं काम देशातलं आहे, आणि अधिक अवघड. सिंचनाच्या साठ्यांना पाणथळ म्हणायला कोणी तयार नाही, कारण तसं म्हटलं की पाणी सोडण्यावर निर्बंध येतील ही भीती. ती अगदीच खोटी नाही. उजनीत पाणी उतरलं की काठाच्या गाळपेर जमिनीवर शेतकरी पीक घेतात. तोच उघडा गाळ रोहितांना आणि तुताऱ्यांना हवा असतो. धरण तुडुंब राहिलं तर पक्षी कमी, फार लवकर आटलं तरी कमी. म्हणजे इथं संवर्धन कुंपणावर अवलंबून नाही. पाणी कधी आणि किती उतरवायचं, या वेळापत्रकावर ते अवलंबून आहे. हे वेळापत्रक ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, आवर्तनांच्या चर्चेत. तिथं पिण्याचं पाणी येतं, ऊस येतो, साखर कारखाने येतात, पंढरपूरच्या वारीसाठी नदीत सोडायचं पाणी येतं. समरकंदला ठरलेला उपक्रम अजून तिथवर पोचलेला नाही.